आधी भाजे, मग कार्ले

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

मळवलीला उतरणार आहेस, तर आधी भाज्याची बौद्ध लेणी बघ आणि मगच कार्ल्याची. ‘दोन हजार वर्षं’ हा आकडा पाटीवर वाचून मनात शिरत नाही. तो दगडात वाचावा लागतो आणि त्याला हाच क्रम लागतो.

भाजे इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातलं. तिथल्या चैत्यगृहाचे, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहाचे, २७ अष्टकोनी खांब सरळ नाहीत, आत कललेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा रेटा पेलायला खांब असे तिरके रोवत. अखंड कातळातून कोरलेल्या छताला त्याची गरजच नाही, पण कारागिरांचा हात लाकडाला सरावलेला होता. पुढची लाकडी भिंत केव्हाच गेली. ती जिथे बसवली होती त्या खाचा मात्र शोध.

आता कार्ले, इ. स. पहिलं शतक. इथे ३७ खांब, सगळे ताठ. दोन्ही बाजूंच्या १५-१५ खांबांना खाली घट, वर हत्तींवरचे स्वार. स्तूपामागचे ७ अगदी साधे. दगडाची ओळख पटायला एवढा काळ गेला! तरी छताला लाकडी फासळ्या आहेतच.

कार्ल्याला दुपारी तीनच्या सुमारास पोच. दर्शनी बाजू पश्चिमेला आहे, सकाळी आत काळोख असतो. रविवार टाळ, एकवीरेच्या दर्शनाची गर्दी त्याच पायऱ्यांवर असते. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्यांवर गुळगुळीत तळव्याचे बूट हमखास घसरतात.

दर्शनी भिंतीवर वेदिकेची, म्हणजे कठड्याची, नक्षी मध्येच तोडून बुद्धमूर्ती कोरलेल्या दिसतील. त्या काही शतकांनंतरच्या. शेजारच्या स्त्रीपुरुषांच्या जोड्या मूळच्या. एकाच भिंतीवर दोन काळ आहेत, तिथे घाई करू नकोस.

शिलालेखावर विजेरी समोरून मारलीस तर अक्षरं सपाट होऊन नाहीशी होतात. ती भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने धर, म्हणजे खोदलेल्या रेघांत सावली भरते. खडू किंवा पाणी कधीही लावू नकोस. ब्राह्मी लिपीतला ‘क’ अधिकच्या चिन्हासारखा, फक्त इथे उभी रेघ खाली लांबवलेली. ओसरीच्या डाव्या टोकाला वैजयंती नगरीचा श्रेष्ठी, म्हणजे बडा व्यापारी, भूतपाल हे ‘सेलघर’, म्हणजे दगडातलं घर, जंबुद्वीपात उत्तम असल्याचं सांगतो.

दाराजवळचा लेख मात्र माझ्या सगळ्यात जवळचा. हे दार धेनुकाकटच्या सामी नावाच्या ‘वढकी’ने केलं. वढकी म्हणजे सुतार. विदर्भात आजही सुताराला वाढई म्हणतात, तोच हा शब्द. दगडाचं दार, आणि करणारा सुतार! आत जाताना त्या चौकटीवरून हात फिरवू नकोस, नुसतं बघ.