आजच्या आनंदाची बातमी

प्रिय मुली,
ख्रिस्तामध्ये सप्रेम सलाम.

तुझं पत्र मिळालं. 'विश्वासात मीच अजून कच्ची आहे, मी दुसऱ्याला काय देणार? आधी शास्त्र नीट शिकते, मग बघू,' असं लिहिलंस. त्या 'मग बघू'ची मला काळजी वाटते. ते 'मग' फार लांबत जातं.

बायबलमधल्या राजांच्या दुसऱ्या पुस्तकातला ७ वा अध्याय काढ. शोमरोन शहराला अरामी सैन्याचा वेढा पडलाय, आत माणसं उपाशी मरतायत. वेशीजवळचे चार कुष्ठरोगी जिवावर उदार होऊन शत्रूच्या छावणीत शिरतात, तर तिथे चिटपाखरूही नाही. ते पोटभर खातात, सोनं-रुपं नि कपडे नेऊन लपवतात, परत येऊन दुसऱ्या तंबूत शिरतात. मग कुठे त्यांचं मन त्यांना टोचतं: आजचा दिवस आनंदाच्या बातमीचा, आणि आपण गप्प बसलोय, हे बरं नाही. उजाडायची वाट न बघता ते वेशीवरच्या पहारेकऱ्यांना हाक मारतात. त्यांचा रोग बरा झालेला नव्हता. अन्न कुठे आहे, एवढंच त्यांना ठाऊक होतं. तेवढं तुलाही ठाऊक आहे.

भुकेल्याला आधी जेवू घालायचं, हे तुला सांगायला नको. नुसतं 'सुखाने जा' म्हणून त्याची बोळवण करणाऱ्यांना याकोबाने बायबलमधल्या आपल्या पत्रात चांगलंच सुनावलंय.

माझी आई गेली तेव्हा पुष्कळ लोक आले, वचनं सांगून गेले. आपल्या चर्चच्या मंडळीतल्या एक बाई मात्र काही बोलल्या नाहीत. आल्या त्या सरळ आत गेल्या आणि साचलेली भांडी घासायला लागल्या. संध्याकाळी घर रिकामं झालं तेव्हा ओले हात पुसत माझ्याशेजारी बसल्या आणि २३ वं स्तोत्र म्हणू लागल्या. 'मृत्युच्छायेच्या दरीतून' इथवर आल्या आणि त्यांचा आवाज फुटला. पुढचं त्यांना म्हणवेना, ते मी म्हटलं. त्यांचे यजमान आदल्याच वर्षी गेले होते, हे मला त्या क्षणी आठवलं. त्या ओळीचा आधार त्यांना स्वतःलाच लागत होता, तरी तीच त्यांनी मला आणून दिली. त्या दिवशी ऐकलेलं बाकीचं काहीच माझ्या लक्षात नाही.

म्हणून म्हणतो, तू ज्यावर जगतेस तेच दे. पाठ केलेलं भाषण नको. आणि देताना घेणाऱ्याचा मान सांभाळ. पहिल्या मंडळीच्या काळातला अपुल्लो मोठा वक्ता, पण त्याला फक्त योहानाचा, म्हणजे पश्चात्तापाचा, बाप्तिस्मा ठाऊक होता. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला राहुट्या करणारी साधी माणसं. त्यांनी त्याला चारचौघांत अडवलं नाही, जवळ बोलावून देवाचा मार्ग अधिक नीट समजावला. पौलाचंही बघ. रोमच्या मंडळीला भेटून आत्मिक कृपादान, म्हणजे देवाची देणगी, द्यायला तो उत्सुक, पण लगेच पुढे लिहितो की तुमच्या विश्वासाने मलाही धीर मिळावा. इतका मोठा प्रेषित, तोही हात पुढे करूनच जातो. तूही तशीच जा.

प्रार्थना सुटली म्हणून उपासनेला न येणारी तुझी ती मैत्रीण, तिला याच आठवड्यात भेट. का येत नाहीस, हे विचारू नकोस. तुझी स्वतःची प्रार्थना मध्यंतरी कशी सुटली होती आणि परत कशी सुरू झाली, ते मला लिहिलं होतंस तसंच तिला सांग. मग ती बोलेल ते ऐक.

भेट झाली की मला कळव. तोवर तुम्हा दोघींसाठी प्रार्थना करतोय.

तुझा,
काका