मराठी बोलणारा कुणाला हवाय?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही सुदामानगरात राहतो. मुलगा २७ वर्षांचा आहे. मेकॅनिकलची पदवी झाली, कॉलेजातूनच एक नोकरीही लागली होती, पण ती न घेता 'पीएससी करतो', म्हणजे मध्य प्रदेशच्या राज्यसेवेची परीक्षा देतो, म्हणाला. भंवरकुआला क्लास लावला, मग तिथंच खोली घेतली. दोनदा प्रीलिम्स निघाली, मेन्स राहिली. गेल्या दिवाळीपासून घरी आहे. पहाटे चारला झोपतो, दुपारी उठतो. सकाळी झाकून ठेवलेले पोहे मी संध्याकाळी तसेच उचलते. मित्रांचे फोन घेत नाही. काही विचारलं तर 'टेन्शन मत लो आई' म्हणतो आणि दार लावून घेतो. ह्यांचं म्हणणं, चांगल्या करिअर काऊन्सेलरकडे नेलं की दिशा मिळेल. मला वाटतं, अन्नपूर्णा रोडच्या आसपास कुणी मराठी बोलणारे असतील तर तो मोकळेपणी बोलेल. पण तिथली पाटी वाचत आत जाताना कुणी ओळखीच्यांनी पाहिलं तर? ऑनलाइनचा उपयोग होतो का? तुमच्या माहितीतलं एखादं नाव सुचवाल का?
— एक आई, इंदूर

उत्तर : नाव सुचवणार नाही, रागावू नका. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यातली शेवटची दहा वर्षं 'मुलांशी बाईच बोलतील' म्हणून समुपदेशनाचं कामही माझ्याच गळ्यात होतं. तेव्हा मी पालकांना सढळ हाताने नावं द्यायची. एकाला जे डॉक्टर देवमाणूस वाटले, त्यांच्याच दारातून दुसरा रडत परत आला. तेव्हापासून नाव देत नाही, शोधायचं कसं ते सांगते.

तुमच्या पत्रात करिअरबद्दल बरंच आहे, पण माझं लक्ष पोह्यांपाशी अडकलं. इंदूरचा मुलगा महिनोन्‌महिने पोहे तसेच टाकतो, झोपेचं घड्याळ उलटं झालंय, मित्र तुटलेत. हा दिशा न सापडण्याचा प्रश्न नाही, किंवा निदान आत्ता तरी तो नाही. करिअर समुपदेशकाचा पहिला प्रश्न असतो, 'तुला काय करायला आवडतं?' ज्याला सध्या जेवायलाही आवडत नाही, त्याने यावर काय सांगायचं? तो आणखी एका परीक्षेत नापास होऊन घरी येईल. म्हणून आधी तब्येत, करिअर नंतर. घरच्यांनाही हे माझ्या नावावर सांगा.

एक गोष्ट मात्र आजच करा. त्याच्याजवळ बसून सरळ विचारा, 'जीव नकोसा वाटतो का? मरून जावं असं मनात येतं का?' आया घाबरतात, वाटतं की विचारलं तर डोक्यात भलतं शिरेल. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं याचाच माणसाला आधार वाटतो. उत्तर 'हो' आलं, किंवा गप्प राहून त्याने तोंड फिरवलं, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, त्याला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्रीची वेळ असेल तर १४४१६ फिरवा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, भाषा निवडता येते, त्यात मराठीही आहे. आणि फोन त्यानेच करायला हवा असं नाही. तुम्ही स्वतःही करून 'मुलगा असा असा वागतोय, मी काय करू' असं विचारू शकता.

आता माणूस शोधण्याचं. आपण सगळ्यांनाच 'काऊन्सेलर' म्हणतो, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढे या विषयात शिकलेले डॉक्टर. या सगळ्यांत औषध फक्त तेच देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट डॉक्टर नसतात, औषध देत नाहीत, पण बोलून उपचार करण्याचं रीतसर शिक्षण घेतलेले असतात, बहुधा दोन वर्षांचं एम.फिल. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी असते. तो क्रमांक विचारायचा आणि परिषदेच्या वेबसाइटवर नाव पडताळून पाहायचं. यात लाजायचं काय? सराफ्यात सोनं घेताना आपण हॉलमार्क बघतोच की. तिसरे नुसते समुपदेशक. त्यांत फार चांगली माणसं आहेत, आणि दोन महिन्यांचा कोर्स करून पाटी लावलेलीही आहेत. पाटीवरून फरक कळत नाही, म्हणून विचारावं लागतं : काय शिकलात, कुठे, किती वर्षं हे काम करताय, स्पर्धा परीक्षेची मुलं तुमच्याकडे येतात का, एका वेळेचे किती मिनिटं आणि किती पैसे. फोनवर एवढं विचारल्यावर जो चिडतो, त्याच्याकडे जाऊ नका.

तुमच्या मुलासाठी पहिली भेट मानसोपचारतज्ज्ञांचीच असावी असं मला वाटतं. औषध लागेलच असं नाही. पण झोप आणि भूक इतके दिवस गेली असेल तर थायरॉइड, बी-१२ असल्या तपासण्याही होऊन जातात आणि मग पुढे कुणाकडे जायचं ते डॉक्टरच सांगतात. खर्चाची काळजी असेल तर आपल्या सरकारी एमवाय हॉस्पिटलात मानसोपचार विभाग आहे. बाणगंगेचं मानसिक रुग्णालयही आहे, पण पुण्याकडे येरवड्याचं नाव काढलं की जे होतं तेच आपल्याकडे बाणगंगेचं होतं, हे मला ठाऊक आहे. तिथं जायला मन धजत नसेल तर एमवायच्या गर्दीत तुम्हाला कोण ओळखणार? तिथं प्रत्येक जण आपापला केसपेपर सांभाळत उभा असतो.

त्याला सांगताना 'तुझ्या डोक्यावर उपचार' असलं काही म्हणू नका. 'तुझी झोप गेलीय, तेवढी डॉक्टरांना दाखवू' एवढंच म्हणा. ते खोटंही नाही.

आता तुमचा मराठीचा आग्रह. नीट विचार करून सांगा, मराठी बोलणारा कुणाला हवाय, त्याला की तुम्हाला? माझे दोघं मुलगे इथलेच. माझ्याशी मराठीत बोलतात, पण भांडतात हिंदीत, प्रेमात पडले तेही हिंदीत. घरातली मराठी म्हणजे 'जेवलास का', 'आजीला नमस्कार कर'. तुमचा मुलगाही दार लावताना 'टेन्शन मत लो' म्हणतो, 'काळजी करू नकोस' म्हणत नाही. त्याचं दुःख ज्या भाषेत आहे, त्या भाषेतला माणूस त्याला हवा. शिवाय इंदुरातला मराठी समाज केवढासा? रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगर, तुमचं सुदामानगर. मराठी समुपदेशक बाई कुणाच्या तरी वहिनी निघणार, आणि पुढच्या महिन्यात नाटकाच्या मध्यंतरात तुमच्याच समोर बटाटेवडा घेऊन उभ्या राहणार. त्या एक अक्षर बोलणार नाहीत, पण मुलगा मात्र त्या हॉलमध्ये परत पाऊल टाकणार नाही.

मराठी तुम्हाला लागेल. म्हणजे दुसरी अपॉइंटमेंट तुमची. पुण्या-मुंबईचे कितीतरी जण ऑनलाइन बोलतात, तिथं मराठी माणूस सहज मिळेल आणि तो कुणाचा नातेवाईकही नसेल. तुम्ही गेलं वर्ष दाराबाहेर कान लावून काढलंय, त्याचंही काही करायला हवं ना? आमचे हे गेले तेव्हा मी स्वतः अशी गेले होते. पहिल्या बाईंनी मला वीस मिनिटांत 'सकारात्मक राहा' सांगून पैसे घेतले. दुसऱ्यांनी पहिला तासभर फक्त ऐकलं, आणि जाताना विचारलं, 'घरी दुपारचा चहा आता किती कप ठेवता?' मी अजून दोनच ठेवत होते. त्यांच्याकडे मी आठ महिने गेले. तेव्हा पहिला माणूस जमला नाही म्हणून उपचारालाच नावं ठेवू नका, माणूस बदला.

ऑनलाइनला पाटीची भीती नाही, खरं. पण घरात दोन खोल्या आणि बाहेर वडील टीव्ही बघत बसलेले, तर मुलगा बोलणार कुठे? तेवढा पाऊण तास तुम्ही दोघांनी सरळ घराबाहेर पडायचं. अन्नपूर्णेला दर्शनाला जा, भाजी आणा. आणि परत आल्यावर 'काय म्हणाले?' विचारायचं नाही. हे तुम्हाला जड जाणार, म्हणून आधीच सांगते : तो सज्ञान आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क त्याला दिलाय. तुम्ही फी भरली तरी आत काय बोलणं झालं ते तुम्हाला कळणार नाही. जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा ते तुम्हाला सांगतील. बरं, घरच्यांची मेडिक्लेम पॉलिसी असेल तर ती काढून बघा. याच कायद्याप्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजारही इतर आजारांसारखाच धरायचा आहे. बाहेरच्या बाहेर दाखवण्याचे पैसे बहुतेक पॉलिसी देत नाहीत, पण दाखल व्हावं लागलं तर उपयोग होतो.

झोप जागेवर आली, एक दिवस तो आपणहून सेव मागून पोहे खायला लागला, की मग करिअरचं बघा. त्या धंद्यात सरकारी परवाना नसतो, म्हणून जास्त सावध. माझ्या भाच्याला आम्ही एकीकडे नेलं होतं. दहा बोटांचे ठसे घेतले, हजारो रुपये घेतले आणि चाळीस पानांचा रंगीत अहवाल हातात दिला : हा मुलगा डॉक्टर, कलाकार किंवा उद्योजक होऊ शकतो. एवढं तर त्याची आजी फुकटात सांगत होती. बोटांच्या ठशांवरून बुद्धी आणि कल सांगणाऱ्या या चाचणीला शास्त्रीय आधार नाही, असं मानसोपचारतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेनेच म्हटलंय. जो एका चाचणीवर भविष्य सांगत नाही, मुलाशी दोन-तीनदा बोलतो आणि चार ठिकाणच्या माणसांना भेटून यायला लावतो, तो निवडा. सुरुवातीला केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टलही बघता येईल, त्याला पैसे पडत नाहीत. आणि पीएससीची तीन-चार वर्षं वाया गेली असं त्याच्यासमोर म्हणू नका. राज्यघटना, अर्थशास्त्र, इतिहास एवढा वाचलेला मेकॅनिकल इंजिनिअर सगळीकडे मिळत नाही.

प्रश्न : मी खंडव्याहून आले आहे, भंवरकुआला हॉस्टेलमध्ये राहते, वय २२. एका ॲपवर समुपदेशन घेतलं. तीन वेळा तीन वेगळ्या ताई मिळाल्या, दर वेळी सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. आता कंटाळा आला. सोडून देऊ का?

उत्तर : ॲप सोड, समुपदेशन नको सोडू. पुन्हा पैसे भरण्याआधी 'दर वेळी हीच व्यक्ती मिळेल का?' एवढं लेखी विचारून घे. नाही म्हणाले तर दुसरीकडे जा. आत्तापर्यंतची तुझी हकिगत एका पानावर लिहून ठेव, नव्या ताईंना तेच वाचायला दे, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून नको. आणि एका माणसाला तीन भेटी तरी दे, पहिल्या भेटीत दोघंही जरा अवघडलेलेच असतात.

बोलतेस कुठून ते लिहिलं नाहीस. खोलीतली मैत्रीण झोपायची वाट बघून रात्री अकरानंतर पांघरुणात बोलत असशील तर ते बंद कर. दुपारी मैत्रीण क्लासला जाते तेव्हाची वेळ माग, बहुतेक ठिकाणी मिळते.