देऊळ कुणाच्या हाती द्यायचं, ते आधी ठरव

कोल्हापूर

प्रिय बाळ,

तुझं निवेदन वाचलं. मंदिरं सरकारच्या ताब्यातून सोडवा आणि हिंदूंनी चालवलेल्या शिक्षणसंस्थांना अल्पसंख्याकांच्या संस्थांइतकेच अधिकार द्या, या दोन्ही मागण्या मला मान्य आहेत. उभी हयात धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत गेली, त्यातून बनलेलं हे मत आहे. तरीही सांगतो, निवेदन आहे तसं पाठवू नकोस. त्यातला राग खरा आहे, पण पहिल्याच सुनावणीला समोरचा वकील एवढंच विचारेल: सरकारनं हात काढला, तर देऊळ कुणाच्या हाती जाणार? तुझ्या मजकुरात याचं उत्तर मला कुठेच सापडलं नाही.

आपल्या कोल्हापुरात तर हा प्रश्न टाळून एक पाऊलही पुढं जाता येत नाही. अंबाबाईचं देऊळ, वाडी रत्नागिरीचा जोतिबा आणि त्यांच्यासोबत कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्गातली तीन हजारांवर लहानमोठी देवळं पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडं आहेत. ही समिती 1969 सालची. अध्यक्ष आणि सदस्य सरकार नेमतं, नेमणुका रखडल्या की जिल्हाधिकारी प्रशासक म्हणून कारभार बघतात. नवरात्रात पहाटेपासून रांगेत उभी राहणारी बाई असो की चैत्रात सासनकाठी खांद्यावर घेऊन डोंगर चढणारा गडी असो, या कारभारात त्यांना मत नाही. त्यांची सगळी हजेरी दानपेटीपुरती. हा अन्याय आहे आणि तो तू ठामपणे मांडला आहेस, ते मला आवडलं.

पण 2017 साल आठव. देवीला घागरा-चोली नेसवली म्हणून शहर पेटून उठलं. राग श्रीपूजकांवर, म्हणजे देवीच्या वंशपरंपरागत पुजाऱ्यांवर होता. आणि लोकांनी मागितलं काय? पगारी पुजारी आणि सरकारी कायदा. 2018 मध्ये विधिमंडळानं तसा कायदा मंजूरही केला. म्हणजे तू ज्या सरकारला देवळाबाहेर काढायला निघाली आहेस, त्याला भाविकांनीच हाक मारून आत बोलावलं होतं. हे का घडलं, ते समजून न घेता तू या गावात सह्या गोळा केल्यास, तर लोक तुला वंशपरंपरेच्या हक्कदारांची वकील समजतील.

पंढरपूरचंही तेच. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींना विठ्ठलाचं देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून प्राणांतिक उपोषण करावं लागलं. पुढं बडवे-उत्पात या वंशपरंपरागत पुजारी घराण्यांविषयी वारकऱ्यांच्या तक्रारी वाढत गेल्या, नाडकर्णी आयोग बसला, 1973 चा कायदा आला आणि सर्वोच्च न्यायालयात त्यावर शेवटचा शिक्का बसायला 2014 चा जानेवारी उजाडला. हस्तक्षेपाला कारण होतं, हे प्रामाणिकपणे लिही. लिहिल्यानं तुझी बाजू लंगडी पडत नाही. उलट पुढचा प्रश्न विचारायचा अधिकार तुला त्यातूनच मिळतो: कारण होतं ते मान्य, पण मुदत कुठे आहे?

याच प्रश्नाभोवती तुझं सगळं निवेदन पुन्हा बांध. त्याच जानेवारीत, 2014 मध्येच, सर्वोच्च न्यायालयानं तमिळनाडूतल्या चिदंबरमच्या नटराज मंदिराच्या खटल्यात सांगितलं की गैरकारभार दूर करण्यासाठी सरकारला व्यवस्थापन हाती घेता येईल, पण ते मर्यादित काळापुरतं. दोष दूर झाला की कारभार परत द्यावा लागेल. आपल्याकडं ताबा घेण्याचे कायदे झाले, परतीची तारीख कुठल्याही कायद्यात नाही. जो दोष दाखवून देऊळ घेतलं तो गेला की नाही, हे तपासणारी यंत्रणाच नाही. पन्नास वर्षं झाली तरी तात्पुरती व्यवस्था तशीच चालू राहते आणि समितीवरच्या खुर्च्या हा राजकीय सोयीचा भाग होऊन बसतो. सत्ता कुठल्याही पक्षाची असो, हे बदललेलं मी पाहिलं नाही.

आता कायद्याची अवघड जागा. तू राज्यघटनेच्या कलम 26 वर सगळी भिस्त ठेवली आहेस. ते कलम धार्मिक संप्रदायांना आपला कारभार पाहण्याचा आणि मालमत्ता राखण्याचा हक्क देतं. 1954 मध्ये रतिलाल पानाचंद गांधी यांच्या खटल्यात, आपल्याच मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या संदर्भात, न्यायालयानं म्हटलं की संप्रदायाच्या हातून व्यवस्थापन पूर्ण काढून दुसऱ्या कुणाकडं सोपवणारा कायदा या हक्कावर घाला घालतो. दाद मागणारे जैन मंदिराचे वहिवाटदार होते, सोबत पारशी विश्वस्तही होते. हा निकाल मुळातून वाच, सारांशावर भागवू नकोस. पण अंबाबाई कुठल्या एका संप्रदायाची? ती सगळ्यांची आहे, आणि नेमकी तिथंच पंचाईत होते. चिदंबरमचे पुजारी, दीक्षित, स्वतंत्र संप्रदाय म्हणून उभे राहू शकले. जे देऊळ सर्व हिंदूंचं, त्याच्या वतीनं कलम 26 खाली कोण उभं राहणार, हे कायद्यानं स्पष्ट केलेलं नाही. जास्तीत जास्त लोकांचं देऊळ सर्वांत कमी संरक्षित, अशी ही उलटी स्थिती आहे. तुझ्या निवेदनाचा कणा हा असायला हवा.

आणि एक वाक्य आजच खोडून टाक: 'फक्त हिंदूंचीच धर्मस्थळं सरकारच्या ताब्यात आहेत.' वक्फ मंडळ कायद्यानंच बनलेलं आहे. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती 1925 च्या कायद्यानं चालते. महाराष्ट्रातली बहुतेक देवळं आजही खासगी विश्वस्तच चालवतात. आपल्या नृसिंहवाडीचं दत्त देवस्थान बघ. खरा फरक नियमनाचा आणि ताब्याचा आहे. हिशेब तपासणं, जमीन विकायला परवानगी लागणं, गैरव्यवहार करणारा विश्वस्त दूर करणं हे नियमन. ते सर्व धर्मांना सारखं असावं आणि कडक असावं. कारभार चालवणारी माणसंच मंत्रालयातून नेमणं हा ताबा. आपला विरोध ताब्याला आहे. एवढा फरक निवेदनात स्वच्छ आला, तर निम्मे आक्षेप जागेवर गळून पडतील.

मग द्यायचं कुणाला? माझं मत सांगतो, पटलं नाही तर भांड. जन्मानं हक्कदार असलेल्या घराण्यांकडं कारभार परत देऊ नये. पूजेचा मान वेगळा, कारभार वेगळा. भाविकांची नोंदवही असावी आणि त्यातून ठरावीक मुदतीसाठी विश्वस्त निवडले जावेत. पुजारी आणि सेवेकऱ्यांचा प्रतिनिधी असावा, स्त्रिया असाव्यात, आणि ज्या समाजांना एकेकाळी उंबऱ्याबाहेर ठेवलं त्यांच्या जागा कायद्यानंच राखलेल्या असाव्यात. आमदार, खासदार, नगरसेवक यांना पदावर असताना विश्वस्त होता येऊ नये. निवडणूक आली म्हणजे सगळं सुरळीत होतं असंही समजू नकोस. गुरुद्वारा प्रबंधक समितीची सार्वत्रिक निवडणूक 2011 नंतर झालेली नाही, तेव्हा वेळेवर निवडणूक घेण्याची सक्तीही कायद्यातच हवी.

जमिनींबद्दल तर तू एक ओळही लिहिलेली नाहीस. देवस्थानाचं खरं धन दागिन्यांपेक्षा जमिनीत आहे. गावोगावी देवस्थान इनाम वर्ग 3 च्या, म्हणजे देवाच्या पूजाअर्चेसाठी इनाम दिलेल्या जमिनी आहेत. सातबाऱ्यावर देवाचं नाव, खाली वहिवाटदार म्हणून गुरवाचं किंवा पुजाऱ्याचं, आणि प्रत्यक्षात कसणारा तिसराच, असं चित्र तुला ठायी ठायी दिसेल. खंड किती ठरला, किती आला, किती वर्षं थकला, हे विचारायला कुणी जात नाही. शहरालगत तर या जमिनींवर अनेकांचा डोळा आहे. उद्या देवळं मोकळी झाली आणि जमीन मोकळी विकता येईल अशी फट राहिली, तर दहा वर्षांत देवाच्या नावावर फक्त गाभारा उरेल. मला याची मनापासून भीती वाटते. म्हणून स्वायत्ततेच्या मागणीतच लिही की देवाची जमीन विकता येणार नाही, प्रत्येक गटाची मोजणी होईल आणि खंडाचा हिशेब दरवर्षी देवळाच्या दारावर लागेल. कसणाऱ्या कुळांना वाऱ्यावर सोडू नकोस. त्यातले कित्येक पिढ्यान्‌पिढ्या देवाची सेवा करत आलेले आहेत.

सरकारनं देवळाच्या आसपासही फिरकू नये, असं मात्र कुठं लिहू नकोस. किरणोत्सवात मावळतीची किरणं देवीपर्यंत पोचतात, त्या वाटेत येणारी बांधकामं हटवायला महापालिकाच लागते, गर्दीला पोलीस लागतात, मूर्तीच्या संवर्धनाला पुरातत्त्व खात्याचे जाणकार लागतात. खिद्रापूरचा कोपेश्वर आज उभा आहे त्यात त्या खात्याचा वाटा आहे.

शिक्षणाकडं वळतो. इथं तुझी मागणी न्याय्य आहे, पण आधार कच्चा आहे. 'कलम 30-अ मुळे शाळेत गीता शिकवता येत नाही' असं तू लिहिलंस. असं कलम राज्यघटनेत नाहीच. मोबाइलवर फिरणारा तो मजकूर आहे आणि तुझ्यासारख्या सनद घेतलेल्या मुलीनं तो उचलावा याचं मला वाईट वाटलं. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षण नको, हे कलम 28 सांगतं आणि ते सर्व धर्मांना लागू आहे. तसंच, शिक्षण हक्क कायद्यातून 2012 च्या दुरुस्तीनं मदरसे आणि वेदपाठशाळा दोन्ही वगळल्या आहेत. जिथं समानता आहे, तिथं ती मान्य कर.

विषमता दुसरीकडं आहे. कलम 30 अल्पसंख्याकांना संस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतं. 2002 मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठानं सांगितलं की संस्था काढण्याचा हक्क सर्वच नागरिकांना आहे. पण चालवताना फरक पडतो. कलम 15(5) खालचं प्रवेशातलं आरक्षण अल्पसंख्याक संस्थांना लागू नाही. शिक्षण हक्क कायद्यातली गरीब मुलांसाठीच्या 25 टक्के जागांची अट 2014 च्या प्रमती निकालानं त्यांच्यासाठी उठली. आपल्या राज्यात 1977 च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्यात मुख्याध्यापक नेमताना त्यांना मोकळीक आहे. एखाद्या मठानं काढलेल्या शाळेला ती नाही. रामकृष्ण मिशनसारख्या संस्थेला आपण हिंदूंहून वेगळे अल्पसंख्याक आहोत, असं न्यायालयात मांडावंसं वाटलं आणि 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते नाकारलं. आपली शाळा आपल्या पद्धतीनं चालवता यावी म्हणून एखाद्या संस्थेला स्वतःची ओळख बदलून मागावी लागते, यापेक्षा मोठा पुरावा तुला कुठला हवा?

तरी उपाय सांगताना जपून. अल्पसंख्याकांचा हक्क काढून घ्या, असं चुकूनही लिहू नकोस. निपाणी आणि बेळगाव आपल्यापासून कितीसे लांब आहेत? तिथल्या मराठी संस्थांच्या शाळांना भाषिक अल्पसंख्याक म्हणून याच कलम 30 चा आधार आहे. त्या शाळांत शिकणारी बहुसंख्य मुलं हिंदूच आहेत. कलम कापलंस, तर पहिला घाव आपल्याच माणसांवर पडेल. मागायचं ते असं की संस्था चालवण्याची हीच मोकळीक सर्वांना मिळावी, आणि गरीब मुलांच्या जागांची जबाबदारीही सर्वांनी सारखी उचलावी. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी प्रमती निकालावरच शंका घेऊन तो मोठ्या पीठाकडं पाठवायला सांगितलं आहे, तेव्हा ही मांडणी करायची वेळ आत्ताच आहे. आरक्षणाच्या बाबतीत मी तुझ्याशी सहमत नाही. त्यातून सूट मागू नकोस. ज्या गावात 1902 साली मागासलेल्या वर्गांसाठी दरबारी नोकरीतल्या पन्नास टक्के जागा राखल्या गेल्या, तिथून अशी मागणी निघणं मला सहन होणार नाही.

शाहू महाराजांचं नाव तू निवेदनात घेतलं नाहीस, बहुधा अडचणीचं वाटलं म्हणून. मला तर तेच आपल्या बाजूचे सर्वांत मोठे साक्षीदार वाटतात. राजघराण्याला वेदमंत्रांचा अधिकार नाकारला गेला, त्या वेदोक्ताच्या वादानंतर त्यांनी पूजेवर कारकून बसवले नाहीत. 1920 मध्ये श्री शिवाजी वैदिक विद्यालय काढून बहुजनांतून पुरोहित तयार करायला घेतले, पाटगावच्या मौनी महाराजांच्या गादीवर क्षात्रजगद्गुरू, म्हणजे ब्राह्मणेतर धर्मगुरू बसवले. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम अशी प्रत्येक समाजाची वसतिगृहं उभी राहिली. मदत दरबाराची आणि कारभार त्या त्या समाजाच्या मंडळींकडं. राजाराम कॉलेज त्यांनी 1919 मध्ये आर्य समाजाच्या हाती दिलं. राजानं पैसा द्यावा, जागा द्यावी, दार सर्वांना उघडं राहील हे बघावं आणि संस्था समाजानं चालवावी, ही रीत याच शहरानं पाहिली आहे. आपण नवीन काही मागत नाही आहोत.

आता काम. आधी तुझ्या गावच्या देवळाचा पीटीआरचा, म्हणजे सार्वजनिक विश्वस्त संस्थांच्या नोंदवहीचा उतारा काढ. विश्वस्त कोण, कारभाराची योजना कधी मंजूर झाली, विश्वस्त बदलाचे अर्ज कधीपासून पडून आहेत, जमिनीचे गट कोणते, सगळं बघ. मग त्या जमिनींचे सातबारे काढ आणि शिवारात जाऊन प्रत्यक्ष कोण कसतो ते विचार. गुरवाशी बोल, सरपंचाशी बोल, आणि ज्या वस्तीतली माणसं अजून पायरीवरूनच हात जोडून परत जातात त्यांच्याशी आधी बोल. ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आपल्या दारात आलं आहे. सोलापूर जिल्हा त्यात असल्यानं पंढरपूरची प्रकरणंही इथंच उभी राहतील. मुंबईच्या फेऱ्यांचं कारण आता उरलेलं नाही.

उतारे हाती आले की नवा मसुदा घेऊन ये. शनिवारी दुपारनंतर मी घरीच असतो.

तुझे सर