संबळ वाजवणाऱ्या मुलाने बी.कॉम. सोडावं का?

ताई,

तुमचा मुलगा सांगलीत बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गोंधळाची पदं आणि स्वतः रचलेली गाणी तो संबळ-तुणतुण्यावर म्हणतो. परवा त्याने छोट्या हॉलमध्ये तिकीट लावून कार्यक्रम केला. 60 जण आले. हॉलचं भाडं, साउंडवाल्याचे पैसे देऊन 900 रुपये उरले. आता तो कॉलेज सोडायचं म्हणतोय, आणि तुम्ही विचारता, ‘आपल्याकडचं कोण यात पुढे गेलंय?’

गेलेत की! पठ्ठे बापूराव रेठरे हरणाक्षचे, शाहीर साबळे वाईजवळच्या पसरणीचे. पण त्यांचा काळ वेगळा होता, तेव्हा त्यांच्याकडे बघून निर्णय नको.

मला त्या 900 रुपयांपेक्षा ते 60 जण महत्त्वाचे वाटतात. त्यातले नातेवाईक आणि मित्र किती, नुसतं पोस्टर बघून आलेले किती, हे त्याला विचारा. जत्रेत सुपारी देणारा एकच असतो, बाकीचे फुकट ऐकतात. अनोळखी माणूस खिशातून पैसे काढून येतो, तेव्हा तो गाण्यासाठीच आलेला असतो. सुट्टीत हाच कार्यक्रम विट्याला, कराडला करू दे, जिथे ओळखीचं कुणी नाही. दरवेळी वहीत लिहावं : तिकिटं किती, साथीदारांना किती दिले, गाडीभाडं किती, आणि ‘पुन्हा कळवा’ म्हणणाऱ्यांचे नंबर.

कॉलेज मात्र सोडू नये. स्वतंत्र कलाकाराला बिल, करार, कर स्वतःच बघावे लागतात, आणि चांगले गळे मी इथेच अडकलेले पाहिलेत. पारंपरिक पदं सगळ्यांची आहेत, पण त्याने रचलेलं गाणं त्याचं आहे. रेकॉर्डिंगचा करार कुणी पुढे केला तर वाचल्याशिवाय सही नको. 2012 साली कॉपीराइट कायद्यात झालेल्या दुरुस्तीमुळे, रेकॉर्ड झालेल्या गाण्याच्या रॉयल्टीतला गीतकार-संगीतकाराचा वाटा कंपनीला करारात लिहून घेता येत नाही, हे त्याला माहीत असू दे.

एक गोष्ट मला खटकली. संबळ तो व्हिडिओ बघून शिकलाय. तुमच्याच जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या गोंधळ घालणारी घरं आहेत. त्यांच्यापैकी कुणाच्या तरी हाताखाली त्याने बसावं, त्यांच्यासोबत रात्रभराचा गोंधळ करावा. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची 18 ते 25 वयाच्या कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, तिच्यात लोककलाही येतात. अर्जात गुरूकडच्या तालमीची माहिती द्यावी लागते, म्हणून गुरू आत्ताच शोधा.