वडिलांची बुलेट कापू की नको?

प्रश्न : दादा, वडिलांची १९७३ची बुलेट ३५० आमच्या शेडमध्ये बारा वर्षं गोणपाटाखाली उभी आहे. इंजिन जाम नाहीये, किक खाली जाते. मला तिची बॉबर करायचीय, मागचं मडगार्ड छोटं, एकट्याची सीट, बाकी सगळं उघडं. गॅरेजवाला म्हणतो चेसिसचा मागचा भाग कापू, आठ दिवसांत गाडी देतो. आई म्हणते हात लावू नको. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : गॅरेजवाल्याला आजच फोन करा आणि सांगा, ग्राइंडर लावायचा नाही.

बॉबर करायला चेसिस कापावीच लागते असं काही नाहीये. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे पोरांनी जड गाड्यांचं पुढचं मडगार्ड काढलं, मागचं आखूड छाटलं, नको ते सगळं उतरवलं, गाडी हलकी होऊन पळावी म्हणून. बॉब म्हणजे आखूड छाटणं, नाव तिथनं आलं. चेसिस कापून फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दांडे, लांब काढतात ती चॉपर, ती वेगळी.

माझ्या पहिल्या बुलेटचा मागचा लूप, म्हणजे चेसिसचा सीटखालचा वाकवलेला पाइप, मी असाच कापून घेतला होता. दिसायला झकास झाली, पण दोनच महिन्यांत शॉकअपच्या वरच्या बोल्टाशेजारी वेल्डिंगला केसाएवढा तडा दिसला, तोही गाडी धुताना बोट फिरवलं म्हणून कळला, नाहीतर घाटात काय झालं असतं त्याचा विचार आजही नको वाटतो.

तुमच्या गाडीचं अजून एक आहे. २०२१च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पहिल्या रजिस्ट्रेशनला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपातली दुचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. तुमची ५० पार झालीय. नोंद केली तर ती रोज चालवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यालाच बाहेर काढायची, त्यामुळे आत्ता कराच असं मी म्हणणार नाही, पण पुढं तुमच्या मुलाला वाटलं तर रस्ता मोकळा राहू दे. आणि कंपनीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०१९मध्ये स्पष्ट सांगितलंय, म्हणून जे काही बदलणार ते आधी आरटीओत विचारून घ्या. आरसी रिन्यू आहे का तेही बघा.

मग करायचं कसं, तर सगळं नट-बोल्टावर. बाजारातनं डुप्लिकेट मागचं मडगार्ड आणा आणि ते कापा, मूळ मडगार्ड, सीट, टूलबॉक्स ग्रीस लावून पोटमाळ्यावर. सीट पुढं पिनवर, मागं दोन स्प्रिंगवर, आणि चेसिसच्या पाइपला क्लॅम्पने धरा, भोक पाडू नका. मडगार्ड घट्ट करायच्या आधी दोन्ही शॉकअप काढा, चाक हाताने पूर्ण वर उचला आणि टायर मडगार्डला किंवा सीटला कुठं घासतो का बघा, हे न बघता सोडलेली गाडी पहिल्या मोठ्या खड्ड्यात टायर कापते.

पण हे सगळं नंतर. आधी ३४६ सीसीचं ते लोखंडी इंजिन. बारा वर्षांचं ऑइल काढा, प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, एक रात्र ठेवा, मग हळूहळू किक फिरवा. पॉइंटचा, म्हणजे प्लगची ठिणगी ठरवणाऱ्या उघडझाप पट्ट्यांचा, गॅप ०.३५ ते ०.४० मिमी, ठिणगीचं टायमिंग पिस्टन टॉपला यायच्या ०.८ मिमी आधी. टाकी आतनं गंजली असणारच, ती साफ केल्याशिवाय कार्बोरेटरला नळी जोडू नका. ब्रेक शू नवेच टाका.

प्रश्न : बॉबरला आखूड उघडा पाइप लावला तर चालेल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नको. चलान तर होईलच, पण उघड्या पाइपने मिक्स्चर पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक, न बदलता चालवली तर इंजिन तापतं आणि पिस्टन धरतो, म्हणजे जाम होतो. आणि बुलेटचा तो सावकाश ठोका मूळ सायलेन्सरमधूनच नीट येतो. सातारकरांनो, गाडी सुरू झाली की पहिली किक आईसमोर मारा, त्यांनी तो आवाज बारा वर्षं ऐकला नाहीये.