लिनक्सवर एनटीएफएस डिस्क स्लो चालते, चमोडही लागत नाही. माउंटला कुठले ऑप्शन द्यावेत?

तुमच्या प्रश्नात दोन वेगळी दुखणी एकत्र झाली आहेत. एक, एक्स्टर्नल डिस्कवर चमोड (परमिशन बदलायची कमांड) मारूनही सगळ्या फाइल्स ७७७च, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, अशा दिसतात. दोन, कॉपीची पट्टी झटकन १०० टक्क्यांवर जाते आणि मग अनमाउंट लटकून बसतं. वर तुम्ही कुठून तरी उचललेली एफएसटॅबची (कुठली डिस्क कशी माउंट करायची ते लिहिलेली फाइल) ओळ दिली आहे: डिफॉल्ट्स, आरडब्ल्यू, असिंक, नोएटाइम, यूमास्क ०००. यातले निम्मे शब्द शोभेचे आहेत. डिफॉल्ट्स म्हटलं की आरडब्ल्यू आणि असिंक त्यात आलेच. नोएटाइमनेही (फाइल वाचल्याची वेळ नोंदवू नका) फारसं काही हाती लागणार नाही, कारण २००९ सालच्या २.६.३० कर्नलपासून (लिनक्सचा गाभा) रेलएटाइम, म्हणजे ती वेळ गरजेपुरतीच नोंदवणं, आपोआप लागतं आणि प्रत्येक वाचनाला वेळ नोंदवायचा खर्च तिथेच बराचसा वाचतो.

राहिलं यूमास्क ०००, म्हणजे कुणाचीच कुठलीही परवानगी काढू नका. ते वाचून मी हे उत्तर लिहायला बसलो.

आधी परमिशनचं सांगून टाकतो. एनटीएफएस-३जीला (लिनक्सवर एनटीएफएस चालवणारा ड्रायव्हर) परमिशन्स हा ऑप्शन दिला नसेल आणि यूजर मॅपिंगची फाइलही नसेल, तर तो चमोड आणि चाऊन (मालक बदलायची कमांड) सरळ गिळून टाकतो. एरर नाही, वॉर्निंग नाही. प्रॉम्प्ट निमूट परत येतो आणि एलएस मारलं की पुन्हा तेच आरडब्ल्यूएक्स. हा बग नाही. सायलेंट नावाचा ऑप्शन मुळातच चालू असतो. म्हणून परमिशन माउंट करतानाच ठरवायच्या: फाइल्ससाठी एफमास्क ०१३३, फोल्डरसाठी डीमास्क ००२२. मास्कमध्ये लिहिलेले बिट वजा होतात, त्यामुळे फाइल्स ६४४ आणि फोल्डर ७५५ दिसतील. एकच यूमास्क दोघांना लावू नका. फोल्डरमध्ये शिरायला एक्झिक्यूट बिट लागतो, फाइलला तो नको असतो. आणि स्वतःचा यूआयडी, जीआयडी (आपला यूजर आणि ग्रुपचा नंबर) द्यायचाच. एफएसटॅबमधून माउंट होताना तो नसेल तर मालक रूट होतो, तुम्हाला तुमच्याच डिस्कवर लिहिता येत नाही, आणि मग माणूस वैतागून पुन्हा यूमास्क ०००कडे पळतो.

आमच्या जुन्या ऑफिसात हेच झालं होतं. व्हिडिओचं काम, एडिटिंग विंडोजवर, बॅकअप लिनक्सच्या मशीनवर, आणि मधे फिरणाऱ्या एनटीएफएस डिस्का. तिथल्या एका सीनियरनी एफएसटॅबमध्ये यूमास्क ०००ची एक ओळ लिहून ठेवली होती आणि तिला हात लावायची कुणाची टाप नव्हती. ‘सगळ्यांचं चालतंय ना? मग कशाला नसत्या उठाठेवी?’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर. चालत होतं म्हणजे काय, तर साधी टेक्स्ट फाइल डबल-क्लिक केली की फाइल मॅनेजर विचारायचा, ही चालवायची की दाखवायची? पुढे एकाने डिस्कवर गिटचा (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) रेपो नेऊन ठेवला. गिट डिफ मारलं तर पानंच्या पानं ‘ओल्ड मोड १००६४४, न्यू मोड १००७५५’. कोडची एक ओळ बदललेली नाही आणि यादी भरलीय पूर्ण प्रोजेक्टची. त्याने तसंच कमिट करून ढकललं. रीडमीसुद्धा एक्झिक्यूटेबल! यावर सीनियरचा उपाय काय, तर सगळ्यांनी गिटमध्ये फाइलमोड फॉल्स करा, म्हणजे गिट परमिशनकडे बघणारच नाही. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

खरी जुंपली ती कॅशिंगवरून. कुणीतरी पट्टी १००वर गेलेली बघून डिस्कची वायर उपटली आणि शेवटच्या क्लिप अर्धवट निघाल्या. झालं, दुसऱ्या दिवशी त्या ओळीत सिंक हा शब्द येऊन बसला. ‘आता डेटा सेफ.’ सेफ कसला! सिंकने एवढंच होतं की प्रत्येक राइट डिस्कवर पोचेपर्यंत प्रोग्रॅम ताटकळतो. अर्ध्या कॉपीत वायर उपटली तर फाइल तेव्हाही अर्धीच राहणार. एकच मोठी क्लिप असेल तर हे एक वेळ सोसतं, पण छोट्या छोट्या फ्रेम्सचं फोल्डर टाकलं की संध्याकाळ गेलीच समजा. शिवाय फ्लॅश ड्राइव्हवर सिंकने आयुष्य कमी होऊ शकतं, हे माउंटच्या मॅन पेजमध्येच लिहिलंय. मॅन पेज वाचतो कोण? दोष डिस्कवर गेला, नव्या डिस्का आल्या, त्याही तितक्याच रखडल्या.

मी सिंक काढून त्यांच्यासमोर कॉपी लावली आणि बाजूच्या टर्मिनलवर वॉच मारून प्रॉक मेमइन्फोमधल्या (मेमरीचा हिशोब दाखवणारी फाइल) डर्टी, म्हणजे डिस्कवर जायचा राहिलेला डेटा, आणि राइटबॅक, म्हणजे आत्ता लिहिला जाणारा, या दोनच ओळी उघड्या ठेवल्या. पट्टी धावत होती तसा डर्टीचा आकडा फुगत होता. पट्टी १००वर थांबली तेव्हा तिथे जवळपास ३ जीबी दिसत होते. म्हणजे कॉपी रॅममध्ये झाली होती, डिस्कवर नव्हे. मग आकडा सावकाश उतरायला लागला. शेवटी ते मान हलवून म्हणाले, ‘म्हणजे रॅम कमी पडते. वाढवून घेऊ.’

रॅम वाढवली की हा प्रकार वाढतो, कमी होत नाही! कर्नलची व्हीएम डर्टी रेशो ही सेटिंग मुळात २० असते, म्हणजे उपलब्ध मेमरीच्या २० टक्के इतका न लिहिलेला डेटा साठू शकतो. १६ जीबीच्या बऱ्यापैकी मोकळ्या मशीनवर तो साधारण ३ जीबी होतो. डिस्क सेकंदाला ३० एमबी लिहीत असेल तर तो तुंबा उपसायला १०० सेकंद लागतात. रॅम दुप्पट केली की तुंबाही दुप्पट. हा साधा त्रैराशिकाचा हिशोब मला त्या ऑफिसात शेवटपर्यंत पटवून देता आला नाही, म्हणून इथे लिहितोय. तुमचं अनमाउंट लटकत नाहीये, ते उरलेलं काम करतंय. त्याला करू द्या.

वाट बघवत नसेल तर रेशोच्या जागी बाइट्स द्या: डर्टी बॅकग्राउंड बाइट्स १६ एमबी, डर्टी बाइट्स ४८ एमबी. बाइट्स लिहिले की त्या जोडीचा रेशो आपोआप शून्य होतो. आता पट्टी हळू सरकेल, पण खरं बोलेल. मात्र ही सेटिंग पूर्ण मशीनला लागते, एका डिस्कपुरती नाही. त्याच मशीनवर डेटाबेस किंवा भरपूर लिहिणारं दुसरं काही असेल तर हा उद्योग करू नका.

वेग खरोखर वाढवायचा असेल तर कॉपी चालू असताना टॉप (चालू प्रोसेस दाखवणारी कमांड) उघडा. माउंट एनटीएफएसची प्रोसेस एक कोर खाऊन बसली असेल तर अडचण ड्रायव्हरची आहे, कारण एनटीएफएस-३जी फ्यूजवर, म्हणजे यूजरस्पेसमध्ये, कर्नलच्या बाहेर, चालतो. तिथे बिग राइट्स द्या. तो नसताना राइटचे ४ केबीचे तुकडे पडू शकतात, दिल्यावर साधारण १२८ केबीपर्यंत एका दमात जातं. प्रोसेस निवांत असेल आणि नुसता आयओ वेट (डिस्कची वाट बघण्यात जाणारा वेळ) वर असेल, तर डिस्क किंवा वायरच तेवढी आहे. मग दहा ऑप्शन डकवलेत तरी काही होणार नाही. २०२१च्या ५.१५ कर्नलपासून एनटीएफएस३ हा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, तोही लावून बघा. यूआयडी, जीआयडी आणि दोन्ही मास्क तिथेही चालतात. बिग राइट्स मात्र ओळीत तसंच ठेवलंत तर तो अनोळखी ऑप्शन म्हणून माउंटच नाकारेल.

एक सांगायचं राहिलं. डिस्क रीड-ओन्ली माउंट होत असेल तर परमिशनशी झगडत बसू नका, आधी विंडोजचा फास्ट स्टार्टअप (बंद करताना विंडोज अर्धवट हायबरनेट होतं ते) बंद करा किंवा शिफ्ट दाबून शट डाउन करा. रिमूव्ह हायबरफाइल हा ऑप्शन शॉर्टकट म्हणून जिकडेतिकडे सुचवतात. त्याने हायबरनेट केलेलं विंडोजचं सेशन उडतं, सेव्ह न केलेल्या कामासकट. एनटीएफएस३ने डिस्क डर्टी (इथे अर्थ, नीट अनमाउंट न झालेली) आहे म्हणून अडवलं तर फोर्स घालू नका, विंडोजमध्ये नेऊन चेकडिस्क चालवा. आणि ही डिस्क विंडोजला कधीच लागणार नसेल तर एनटीएफएसचा हट्ट कशाला? डेटा दुसरीकडे काढून ती एक्स्ट४ (लिनक्सची स्वतःची फाइल सिस्टिम) करा, चमोड पहिल्या फटक्यात लागेल. फक्त तिथे वेगासाठी बॅरियर (राइट योग्य क्रमाने डिस्कवर पोचतील याची काळजी घेणारी सोय) बंद करू नका.