आधी डावा हात ऐका
पियानो-रॉक अल्बमचं पहिलं परीक्षण लिहिताय, छान! फक्त घाई नको. अल्बम निदान तीनदा ऐका, त्यातला एकदा हेडफोन लावून, नुसता पियानोचा डावा हात, म्हणजे खालच्या सुरांचा भाग, पकडायला. बेन फोल्ड्स फाइव्ह या अमेरिकन बँडचा १९९५ चा पहिला अल्बम घ्या. तिघांच्या या बँडमध्ये गिटार नाहीच! पियानो खर्जात ठोके देतो आणि बेसचा खरखरीत आवाज गिटारची जागा भरतो. हे एकदा कानात बसलं की लिहायला आपोआप सुचतं.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- प्रत्येक गाण्यावर एकेक ओळ. त्यापेक्षा तीनच गाणी घ्या, पण नेमका क्षण सांगा.
- पियानो ऐकला की लगेच पियानो वाजवत गाणाऱ्या एल्टन जॉनशी तुलना.
- ‘सुरेल’, ‘भावपूर्ण’. या शब्दांनी वाचकाला काहीच ऐकू येत नाही.

कॉर्ड्स, रेकॉर्डिंगचं तंत्र सध्या राहू द्या. कच्चा मसुदा झाला की मला दाखवा, नक्की वाचेन.